एकतीस तास

प्रिय,

तुझी मेल रात्री दीडची आहे, म्हणजे झोप उडालेली दिसते. उडू दे. फाईल उघडून पाहिली. घाऊक विजेच्या तासागणिक किमती, वर्षाचे 8760 तास, आणि त्यातल्या 31 ओळी तू पिवळ्या केल्या आहेस, शेजारी 'आउटलायर?' (बाकीच्यांपासून फटकून असलेला आकडा) असं लिहिलंयस आणि विचारतेस, काढून टाकू का? काढल्या की मॉडेल सुरेख बसतं, ठेवल्या की विस्कटतं.

काढू नकोस.

तुझं मॉडेल किमतींचा लॉग (लॉगॅरिदम) घेतं. उणे किमतीचा लॉग निघत नाही, ही लॉगची अडचण आहे, बाजाराची नव्हे. वारा जोरात, मागणी पडलेली, आणि वीजनिर्मितीचा संच बंद करून पुन्हा चालू करण्यापेक्षा पदरचे पैसे देऊन वीज खपवणं स्वस्त. अनुदान युनिटमागे मिळत असेल तर पवनचक्कीवालाही उणे किमतीला वीज विकतो. त्या आकड्यात अख्खं धोरण बोलतंय आणि तू त्याला कचरा समजतेस? (सगळ्या किमतींत एक स्थिरांक मिळवून लॉग घेणारे महाभाग असतात. तू ते करू नकोस. स्थिरांक बदलला की उत्तर बदलतं, करून बघ.)

वरच्या टोकालाही तेच. फेब्रुवारी 2021 च्या थंडीत टेक्सासमध्ये घाऊक वीज मेगावॉट-तासाला (म्हणजे हजार युनिटला) 9000 डॉलरच्या कमाल मर्यादेवर चारेक दिवस खिळली होती. वर्षाच्या मानाने एखाद टक्का वेळ. पण घाऊक भावाशी बांधलेल्या ग्राहकांना हजारो डॉलरची बिलं आली ती त्याच टक्क्यात, आणि लाखो घरं अंधारात गोठली तीही तेव्हाच. वार्षिक सरासरी घेतलीस तर यातलं काय उरतं? एक जरा महाग वर्ष.

मी हे इतकं तावातावाने का सांगतेय ते सांगून टाकते. माझ्या एका जुन्या निबंधात मी किमतींचा वरचा एक टक्का छाटला आणि निष्कर्ष काढला की कमाल मागणीच्या वेळीच चालणाऱ्या संचांचा स्थिर खर्च बाजारातून निघत नाही. कसा निघेल? ते संच वर्षभर बसून असतात आणि त्या मोजक्या तासांतच कमावतात. त्यांची कमाई मीच कापली होती आणि मीच त्यांना तोट्यात काढलं. परीक्षकांच्या ते लक्षात आलं नाही. माझ्या आलं, चार वर्षांनी. दुरुस्ती पाठवायला हवी होती, पाठवली नाही. नोकरी कायम व्हायची होती, आणि तेव्हा सगळेच छाटायचे. छाटायचेच, त्या काळच्या जर्नलांचे अंक काढून बघ. छाटल्याचं मी तळटीपेत लिहिलंही होतं, लपवलं नव्हतं. असो.

तुझ्या तिसऱ्या प्रकरणातही हेच दुखणं आहे. शाश्वत विकासाचं सातवं उद्दिष्ट, म्हणजे सर्वांना ऊर्जा, आणि घरात वीज 'आहे' किंवा 'नाही', 1 किंवा 0. अगं, किती तास आहे? वीज कितपत मिळते हे पायऱ्यांनी मोजणाऱ्या जागतिक बँकेच्या 2015 च्या बहुस्तरीय चौकटीत पहिल्या पायरीला दिवसातून किमान 4 तास लागतात, सर्वात वरच्या पायरीला 23, आणि संध्याकाळचे तास वेगळे मोजतात. कारण अभ्यास, स्वयंपाक, भीती हे सगळं संध्याकाळचं असतं. दुपारी वीज असून अंधारात शून्य असलेलं घर तुझ्या तक्त्यात 1 आहे. तास बघ, बाई. दरवेळी तास बघ.

तुझे गाइड म्हणतात, पानं वाढतील, शोधनिबंध लांबेल. लांबेल, खरं आहे, आणि शिष्यवृत्तीची मुदत मलाही कळते. म्हणून एवढंच कर: मॉडेल लॉगविना, थेट किमतींवर चालव. 31 तासांसकट आणि 31 तास वगळून असे दोन तक्ते एकाच पानावर शेजारीशेजारी ठेव. दोन्हींत जेवढा फरक पडेल, तेवढंच तुझं प्रकरण आहे. रविवारपर्यंत मला पाठव.

आणि तुझ्या संदर्भसूचीत 47 व्या क्रमांकावर माझा तोच निबंध दिसला. ठेवायचा असेल तर ती तळटीप वाचून ठेव.