इंजुरी या इंग्रजी शब्दाला दुसरे शब्द कोणते आणि कुठला कधी वापरायचा?

शब्द ढीगभर आहेत हो, वूंड, हर्ट, डॅमेज, ब्रूज, स्प्रेन, पण एकाच्या जागी दुसरा टाकला की गंमत होते. नोकरीच्या पहिल्या वर्षी जिना उतरताना माझा पाय मुरगळला आणि मी रजेच्या मेलमध्ये ठोकून दिलं, माय लेग इज वूंडेड. साहेबांचा लगेच फोन, अरे कोणी वार केला का तुझ्यावर? कारण वूंड म्हणजे कातडी फाटून झालेली जखम, आणि माणूस वूंडेड म्हटला की गोळी, चाकू, लढाई असलंच काहीतरी डोळ्यासमोर येतं. म्हणून बातम्यांत बघा, बस उलटली तर प्रवासी इंजर्ड आणि सीमेवर गोळीबार झाला तर जवान वूंडेड. माझा होता साधा स्प्रेन. मुका मार लागून काळंनिळं पडलं तर ब्रूज, नुसतं खरचटलं तर स्क्रॅच नाहीतर ग्रेझ. (उच्चार वूंडच करा, वाउंड म्हणजे घड्याळाला चावी दिली त्यातलं दिली.)

हर्ट आपल्याला पटकन जमतो कारण आपलं "लागलं" जसं गुडघ्यालाही चालतं आणि बोलणं मनाला लागलं यातही चालतं, अगदी तसाच तो आहे. फक्त हर्टेड लिहू नका प्लीज, भूतकाळातही हर्टच, क्रिकेटमधलं रिटायर्ड हर्ट आठवा.

गाडीला इंजुरी होत नाही, डॅमेज होतं. पण डॅमेजेस असं अनेकवचन कोर्टात आलं की त्याचा अर्थ नुकसानभरपाई!

कायद्यात तर सगळं उलटंच. इंजुरी शब्द मुळात लॅटिन, त्यात अन्याय हा अर्थ होता, म्हणून भारतीय न्याय संहितेत बेकायदा पद्धतीने शरीर, मन, अब्रू, मालमत्ता कशालाही पोचवलेली हानी इंजुरीत बसते आणि हर्ट म्हणजे फक्त शारीरिक वेदना, रोग किंवा दुर्बलता. म्हणजे रोजच्या बोलण्यात मन हर्ट होतं पण कायद्याच्या पुस्तकात नाही. हाड मोडलं किंवा दात पडला की ग्रीव्हस हर्ट म्हणजे गंभीर दुखापत, शिवाय दुखण्यामुळे रोजची कामं जमेनाशी झाली तर जुन्या दंड संहितेत 20 दिवसांची अट होती ती 1 जुलै 2024 पासून 15 झालीये.

तुम्हाला रजेच्या अर्जासाठीच हवं असेल तर सरळ आय हॅव स्प्रेन्ड माय अँकल लिहा, साहेब घाबरून फोन करणार नाहीत, फक्त मेडिकल सर्टिफिकेट मागतील.