फोड नाही, तरी आग खरी

प्रश्न : उन्हाळ्यात चटणीच्या मिरच्यांचे देठ खुडले की रात्रभर माझ्या हातांची आग होते. फोड नाही, लाली नाही. घरात म्हणतात, मनाचे खेळ आहेत. परसातल्या लवंगी मिरच्या मात्र राघू येऊन मजेत फस्त करतात. मग दोष मिरचीत की माझ्यात?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, आग खरी आहे. आधी एवढं घरात मोठ्यानं वाचून दाखवा.

मी एकतीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, पण हा धडा मला आईच्या हातांनी दिला. चैत्रात पायली-दोन पायली मिरच्यांचे देठ खुडून झाले की संध्याकाळी ती पातेल्यात माठातलं गार पाणी घ्यायची आणि दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवून बसायची. हात पाण्यात असेतो शांत. बाहेर काढले की मिनिटभरात डोळ्यांत पाणी. आजी म्हणायची, "देठच तर खुडलेत, एवढं काय!" आईकडे तेव्हा उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. आज आहे.

कातडीत मज्जातंतूंची केसाहूनही बारीक टोकं पसरलेली असतात. त्यांतल्या काहींच्या आवरणात प्रथिनाचं एक सूक्ष्म दार असतं, टीआरपीव्ही-१ नावाचं. तापमान साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या पुढं गेलं की ते उघडतं. भाजण्याची वर्दी देणं हे त्याचं काम. मिरचीतलं कॅप्सायसिन नेमकं हेच दार उघडतं, जाळ नसताना. १९९७ मध्ये अमेरिकेत डेव्हिड ज्यूलियस यांच्या प्रयोगशाळेनं या दाराचं जनुक हुडकलं, तेही कॅप्सायसिन वापरूनच. २०२१ चं वैद्यकाचं नोबेल त्यांना आर्डेम पटापूटियन यांच्यासोबत मिळालं.

दार उघडलं की सोडियम आणि कॅल्शियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, आत घुसतात, आतला विद्युतभार बदलतो आणि तंतूतून ठोके निघतात. हे ठोके लहानमोठे नसतात, सगळे सारखेच. आग जास्त म्हणजे ठोके जास्त भरभर. एडगर एड्रियन यांनी १९२६ मध्ये बेडकाच्या स्नायूवर काम करताना हे दाखवलं, तिथं ताण वाढला की ठोके दाट होत होते. शिकवताना मला याचं कायम अप्रूप वाटायचं : डोळा असो, कान असो, कातडी असो, मेंदूपर्यंत जाते ती ठोक्यांचीच भाषा. ठोके कुठल्या तंतूवरून आले, त्यावरून मेंदू ठरवतो की हा उजेड, हा आवाज, हा चटका. तुमच्या हातांकडून ठोके येतात ते भाजण्याच्या तंतूवरून. मेंदूला 'भाजतंय' असंच कळणार. कातडी प्रत्यक्ष भाजलेली नसते, म्हणून फोड येत नाही. पण ठोके खरेच असतात.

या तंतूंपैकी बरेचसे संथ. त्यांचा वेग सेकंदाला जेमतेम एक मीटर. तापल्या तव्याला बोट लागलं की हात आधी मागे येतो आणि खरी आग थोडी मागून पोचते, ती यांच्यामुळे.

आता माठाचं पाणी. उष्णता आणि कॅप्सायसिन ते एकच दार मिळून ढकलतात. हात गार असले की जोर कमी पडतो. मिरची लागलेल्या हातांना म्हणूनच आंघोळीचं साधं कोमट पाणीही पोळतं.

आणि राघू? त्यालाही हे दार आहे, उष्णतेनं उघडतंही. फक्त पक्ष्यांच्या दारात कॅप्सायसिनला धरायला जागा जवळपास नाहीच. ज्यूलियस यांच्याच गटानं २००२ मध्ये कोंबडीच्या दारावर हे तपासलं. सवयीनं राघू कोडगा झालाय, असं समजू नका. मिरची पोर्तुगिजांबरोबर अमेरिकेतून आली, राघू इथं त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. तिच्या मूळ मुलखात पक्षी मिरची गिळून बी लांब नेऊन टाकतात, तर तिथल्या उंदरांच्या पोटातून ते बी रुजण्याजोगं बाहेर पडत नाही. तिखटाचा पहारा अशांसाठी, आणि त्यात आपणही सापडलो.

आता उपाय. कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. खुडायला बसण्याआधी हातमोजे घाला, नाहीतर बोटांना, विशेषतः नखांच्या कडांना, खोबरेल चोळा. उठल्याबरोबर पुन्हा तेल चोळून पुसून घ्या, मग साबण. हे लगेच करायचं, कारण तळहाताच्या जाड कातडीतून कॅप्सायसिन हळूहळू मुरतं आणि आग सुरू होईतो बरंचसं आत गेलेलं असतं. तरी उरलं तर आईसारखं गार पाणी. बर्फ थेट लावू नका. आणि त्या रात्री डोळ्यांना हात लावू नका, घरात तान्हं मूल असेल तर दुसऱ्या कुणाला घेऊ द्या.