स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर साइटचे व्हिजिटर कसे मोजायचे?

तुम्ही लिहिलंय की प्लॅन सगळ्यात स्वस्तातला आहे, एसएसएच (सर्व्हरवर दुरून कमांड चालवायची सोय) नाही, क्रॉन (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय) बंद आहे, माटोमो हे व्हिजिटर मोजणारं सॉफ्टवेअर चढवलं तर रिपोर्ट उघडताना कोरं पांढरं पान येतं आणि सपोर्टवाले ‘अपग्रेड करा’ यापलीकडे काही बोलत नाहीत. मी नागपुरात छोट्या दुकानदारांच्या साइट सांभाळतो. हे रडगाणं ओळखीचं आहे. माझं मत विचाराल तर त्या सर्व्हरवर मोजणी चालवायचा नादच सोडा. तिथून फक्त लॉग, म्हणजे साइटवर आलेल्या प्रत्येक मागणीची सर्व्हरने ठेवलेली नोंद, उचला आणि हिशोब आपल्या लॅपटॉपवर करा.

आधी ते पांढरं पान. माटोमोचं मूळ सेटिंग असं असतं की तुम्ही रिपोर्ट उघडलात की मगच ते साठलेल्या नोंदींची बेरीज करायला घेतं. पीएचपीला (माटोमो ज्या भाषेत लिहिलंय ती) 30 सेकंद आणि मोजकी मेमरी दिलेली असली की बेरीज अर्ध्यातच मरते, आणि एरर दाखवणं बंद ठेवलेलं असल्याने तुम्हाला काहीच दिसत नाही. ही बेरीज क्रॉनने परस्पर उरकणं हा त्यावरचा ठरलेला उपाय, आणि नेमका तोच तुमच्याकडे बंद! बाहेरच्या फुकट क्रॉन सेवेकडून बेरीज सुरू करणारी यूआरएल (वेबपत्ता) ठरावीक वेळी उघडवता येते, पण ती हाकही त्याच वेबसर्व्हरमधून जाते, त्यामुळे वेळेची मर्यादा काही चुकत नाही.

होस्टिंगला सीपॅनेल नावाचं कंट्रोल पॅनेल असेल तर त्यात ‘रॉ ॲक्सेस’ शोधा. तिथे लॉग होम डिरेक्टरीत (तुमच्या खात्याच्या मूळ फोल्डरमध्ये) साठवण्याची एक टिकमार्क असते, ती आजच करा. नाहीतर सर्व्हरने स्वतःची आकडेमोड केली की मूळ लॉग पुसला जातो, आणि गेलेला लॉग परत मिळत नाही. फाइल उतरवा आणि गोअॅक्सेस या लॉगवरून रिपोर्ट बनवणाऱ्या प्रोग्राममध्ये घाला. ते फुकट आहे, विंडोजवर डब्ल्यूएसएलमधून (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) चालतं. लॉगचा फॉरमॅट ‘कम्बाइन्ड’ सांगितला की ब्राउझरमध्ये उघडणारा रिपोर्ट तयार.

तरी एकदा ती फाइल नुसत्या डोळ्यांनी वाचाच. प्रत्येक ओळीत आयपी पत्ता (येणाऱ्याचा इंटरनेटवरचा क्रमांक), चौकटी कंसात तारीख-वेळ, मागितलेलं पान, 200 (पान मिळालं) किंवा 404 (पान सापडलं नाही), किती बाइट गेले, आधीचं पान कुठलं आणि शेवटी ब्राउझरचं नाव. साइट साध्या एचटीएमएलची असली तरी कोणीतरी वर्डप्रेसचं लॉगिन पान मागत असतं आणि 404 खाऊन परत जातं. हे सगळे बॉट, म्हणजे आपोआप फिरणारे प्रोग्राम. इतवारीतले एक दुकानदार मला विचारत होते, “भाऊ, लोकं येऊन राहिले का नाही, तेवढं सांग ना.” पॅनेलमधला ‘हिट्स’चा आकडा त्यांना दाखवणं म्हणजे शुद्ध फसवणूक. एका पानावर वीस फोटो असले की प्रत्येक फाइल वेगळी मोजून एका माणसाचे एकवीस हिट्स होतात, वर बॉट वेगळेच.

वेळेचंही बघा. लॉगमध्ये वेळेपुढे उणे 0700 (जागतिक वेळेच्या सात तास मागे) दिसलं तर आपल्या दुपारी साडेबाराला तिकडे मध्यरात्र होते, म्हणजे तुमचा एक दिवस दोन तारखांत वाटला जातो. आणि मोबाइल डेटावर अनेकांचा बाहेरचा आयपी एकच असतो, त्यामुळे ‘युनिक व्हिजिटर’ हा अंदाजच समजायचा.

लॉगच देत नसतील तर गूगल ॲनॅलिटिक्सची स्क्रिप्ट पानात टाका. ॲड ब्लॉकर लावलेले लोक त्यात मोजले जात नाहीत, म्हणून तो आकडा लॉगशी कधीच जुळणार नाही. जुळवत बसू नका. महिन्यामागून महिना एकाच मापाने बघा.

रिन्यूअल जवळ आलं असेल तर पैसे भरायच्या आधी चॅटवर एवढंच विचारा: रॉ लॉग मिळतो का आणि किती दिवस ठेवता? उत्तर गोलमोल आलं तर डोमेन (साइटचं नाव) आहे तिथेच राहू द्या, फक्त होस्टिंग हलवा. दोन्ही एकाच कंपनीकडे असायला हवं असं काही नाही, सपोर्टवाले काहीही म्हणोत.