वाचकांचे प्रश्न : लाकडी इंजिन शेड

प्रश्न : मॉडेल रेल्वेसाठी एचओ मापात (खऱ्याच्या १:८७) इंजिन शेड करतो आहे. दीड मिमी जाडीच्या बासवुडच्या (मॉडेलसाठी वापरतात ते मऊ, हलकं लाकूड) भिंती बाहेरून अ‍ॅक्रिलिकने रंगवल्या आणि सकाळी त्या धनुष्यासारख्या वाकलेल्या होत्या. गोंदाच्या ठिकाणी डागही दिसतात. काय चुकलं?

उत्तर : रंग एकाच बाजूला लागला, हे मूळ कारण. लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने फुगतं आणि आकसतं. एकच अंग ओलं झालं की पातळ फळी वाकणारच. वाकलेली भिंत टाकू नका. तिच्या खोलगट बाजूला ओलसर कापड फिरवा, दोन सपाट काचांमध्ये ठेवून वर वजन द्या आणि पूर्ण एक दिवस हात लावू नका.

पुढच्या भिंतींसाठी क्रम बदला: आधी रंग, मग गोंद. गोंद लाकडात मुरला की तिथे रंग शिरत नाही, म्हणून ते फिकट डाग दिसतात. ते नंतर झाकणं फार अवघड. अर्धा लिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ५ मिली काळी इंडिया इंक (चित्रकामाची शाई) मिसळा आणि सुट्या पट्ट्या त्यात बुडवून काढा. दोन्ही अंगं सारखी भिजतात, अल्कोहोल पटकन उडतं, त्यामुळे बाक कमी येतो. काही पट्ट्या दोनदा बुडवा, कारण जुन्या शेडच्या सगळ्या फळ्या कधीच एका रंगाच्या नसतात. खिडकी उघडी ठेवा, जवळ ज्योत नको.

फळ्या उभ्या असतील तर आतून ३.५ मिमी चौरस पट्ट्या आडव्या चिकटवा: तळाशी, मध्ये आणि वळचणीखाली. पांढरा गोंद अगदी पातळ लावा. त्यातही पाणी असतंच. कोपरे गुण्याला लावूनच जोडा.

प्रश्न : दार नकाशाप्रमाणे ६० मिमी उंच ठेवलं, तरी इंजिनाचं धुराडं अडकतं.

उत्तर : उंची बहुधा पाटापासून, म्हणजे रूळ ज्या फळीवर मांडलेत तिच्यापासून, मोजली गेली. ती रुळाच्या माथ्यापासून मोजायची. कोड १०० रूळ (मॉडेल रुळाचं एक माप) नुसताच अडीच मिमी उंच असतो, त्याखाली स्लीपर, कदाचित कॉर्कचा थरही. तुमच्या रुळाची पाटापासूनची उंची ५ मिमी भरली, तर चौकट पाटापासून ६५ मिमी हवी. रुंदी ४८ मिमी पुरते. दाराबाहेर निदान एका इंजिनाच्या लांबीइतका रूळ सरळच ठेवा, नाहीतर वळणावर इंजिनाचं टोक बाहेर झुकून चौकटीला घासतं. बाहेर उघडणारी झडप रुळावरून फिरते, म्हणून तिची खालची कड रुळाच्या माथ्यापेक्षा १ मिमी वर असू द्या. चौकट चिकटवण्याआधी तुमचं सर्वांत उंच आणि सर्वांत रुंद इंजिन हाताने ढकलून पाहा.

प्रश्न : छत कायमचं चिकटवावं का?

उत्तर : नको. आतले रूळ पुसावे लागतात, घसरलेलं इंजिन उचलावं लागतं. कैच्या (छत पेलणारे त्रिकोणी सांगाडे) छतालाच चिकटवा आणि छताखाली, भिंतींच्या आत अलगद बसेल अशी ६ मिमी उंचीची पट्टी चारही बाजूंनी लावा.