तिला कॅमेरा हातात घेऊ द्यावा का?

प्रश्न : माझी मुलगी १५ वर्षांची आहे. शाळेने पुढच्या दोन वर्षांसाठी एक नवा ऐच्छिक विषय ठेवला आहे. त्यात सामाजिक न्यायाचे प्रश्न अभ्यासायचे आणि त्यांवर छोटे माहितीपट, पॉडकास्ट तयार करायचे. तिला तोच घ्यायचा आहे. तिचे बाबा म्हणतात, व्हिडिओ तर मोबाइलवर कोणीही काढतं, त्यासाठी शाळेत विषय कशाला? माझी भीती वेगळी आहे. आधीच ती प्रत्येक बातमीने अस्वस्थ होते, घरात वाद घालते. या विषयाने ती कडवट होईल का? आणि पुढे याचं करायचं काय?
– एक आई

ताई,

‘पुढे याचं काय’ हा प्रश्न बहुतेक पालक सगळ्यात आधी विचारतात. तुम्ही आधी मुलीच्या मनाचं लिहिलंत, म्हणून मीही तिथूनच सुरुवात करते.

अन्याय पाहून पंधराव्या वर्षी राग येणं निरोगी आहे. त्या रागाला काही कामच मिळालं नाही, की कडवटपणा येतो. बातमी वाचली, चिडले, पुढची बातमी वाचली, पुन्हा चिडले. हा विषय नीट शिकवला तर तिला एकाच प्रश्नापाशी काही महिने थांबावं लागेल. हा नियम कोणी केला, केव्हा केला, कागद कुठे मिळतील, जबाबदारी कोणाची, समोरच्या बाजूचं म्हणणं काय, हे शोधावं लागेल. शोधणाऱ्या माणसाचा राग शमत नाही, पण त्याला दिशा येते.

तिला लुईस हाइन यांची गोष्ट सांगा. ते न्यूयॉर्कमधले शाळामास्तर. विद्यार्थ्यांना शिकवता शिकवता त्यांनी कॅमेरा हाती घेतला आणि १९०८ मध्ये शिक्षकाची नोकरी सोडून राष्ट्रीय बालकामगार समितीसाठी अमेरिकेतल्या गिरण्या, खाणी, कारखाने पालथे घातले. पण फोटो काढून ते थांबत नसत. मुलाचं नाव, वय, कामाचे तास हे सगळं खिशातल्या वहीत गुपचूप टिपून ठेवत. मुलाची उंची स्वतःच्या कपड्यांच्या गुंड्यांवरून मोजत. मालक हे सगळं खोटं ठरवायला बसले आहेत, हे ते ओळखून होते. बालमजुरीला आळा घालणारा केंद्रीय कायदा १९१६ मध्ये झाला, १९१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि टिकणारा कायदा यायला १९३८ साल उजाडलं. म्हणजे हाइन कामाला लागल्यापासून तीस वर्षं. हा हिशेब तुमच्या मुलीला आत्ताच कळला तर पुढची बरीच निराशा टळेल. (कारखान्यांत शिरायला हाइन कधी कधी स्वतःची खोटी ओळख सांगत. ते योग्य होतं का, यावर तिच्या वर्गात एक अख्खा तास खर्च व्हायला हवा.)

आता बाबांच्या शंकेकडे येते. मोबाइलवर व्हिडिओ कोणीही काढतं, हे खरंच आहे. माझ्याकडे मार्गदर्शनाला येणाऱ्या एका मुलानेही काढला होता, शाळेतल्या सफाई कामगारावर. चित्रण सुरेख होतं. वाकून झाडणारा माणूस, वरून घेतलेले शॉट, मागे उदास संगीत. मी विचारलं, त्यांना दाखवलास का? त्याने दाखवला. ते काका म्हणाले, “मी अर्धा तास तुझ्याशी बोललो. हातमोजे मिळत नाहीत म्हणालो, सुट्टीचा पगार कापतात म्हणालो. त्यातलं यात काहीच नाही. नुसता बिचारा दिसतोय मी.” मुलगा रडवेला झाला, पण पुन्हा बसला. संगीत काढलं, कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर आणून थोडं चित्रण नव्याने केलं आणि हातमोज्यांचं वाक्य सुरुवातीला घेतलं. माझ्या मते हा विषय तिथे सुरू होतो. अर्ध्या तासातली चाळीस सेकंदं निवडताना न्याय किंवा अन्याय आपल्याच हातून होत असतो, आणि एडिटिंगच्या टेबलावर बसल्याशिवाय ते उमगत नाही.

बाकी कौशल्यंही आहेतच. हलणारं चित्र लोक चालवून घेतात, खरखरणारा आवाज नाही, म्हणून माईक बोलणाऱ्याच्या जवळ हवा. मुलाखत संपल्यावर खोलीतली शांतता अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ठेवायची, एडिटिंगमध्ये सांधे लपवायला ती लागते. ‘हो-नाही’त संपणारा प्रश्न विचारायचा नाही, आणि उत्तर आल्यावर लगेच पुढचा प्रश्न न टाकता गप्प राहायचं. खरं बोलणं बहुधा त्या शांततेनंतर येतं.

प्रवेश घेण्याआधी विषयाच्या शिक्षकांना जरूर भेटा. ज्यांचं चित्रण होतं त्यांची लेखी संमती मुलं घेतात का? माणूस लहान असेल तर पालकांची? आणि नंतर त्याने संमती मागे घेतली तर काय करता? रफ कट, म्हणजे फिल्मची पहिली कच्ची जुळणी, त्यांना दाखवता का? फिल्म इंटरनेटवर टाकणार असाल तर मुलांची नावं आणि खालच्या प्रतिक्रिया कोण सांभाळतं? एखादी जड मुलाखत ऐकून आलेल्या मुलांशी कोणी बोलतं का? उत्तरं चाचरत आली तर मी घाई करणार नाही. वर्गात महागडा कॅमेरा आहे की नाही, याची मात्र अजिबात काळजी करू नका.

करिअरचं स्पष्टच सांगते. माहितीपट हे स्थिर पगाराचं काम क्वचितच असतं. कामं प्रकल्पागणिक मिळतात आणि मधले महिने रिकामे जातात. पण या दोन वर्षांत अंगी येणारी शोधण्याची, ऐकण्याची आणि पडताळण्याची सवय पत्रकारितेखेरीज कायदा, समाजकार्य, सार्वजनिक धोरण, संशोधन, शिक्षण अशा कितीतरी क्षेत्रांत लागते. ध्वनिमुद्रण आणि एडिटिंग हे तर स्वतंत्र व्यवसाय आहेत. माझा आग्रह एवढाच, की सोबत एक भक्कम विषय तिने सोडू नये. अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, पर्यावरण, जे आवडेल ते. डॉ. आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केलं तेव्हा ते महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवत होते. लेखणीमागे तो अभ्यास उभा होता.

तेव्हा माझं मत, घेऊ द्या तिला हा विषय.

तोवर घरी एक करून पाहा. तिला तुमचीच दहा मिनिटांची मुलाखत घ्यायला सांगा, तुमच्या कामाबद्दल, घरातल्या आणि बाहेरच्याही. मग त्यातून एक मिनिट निवडायला सांगा. ते तिच्या बाबांसोबत बसून ऐका, आणि तुमचं कोणतं वाक्य राहून गेलं ते तिला सांगा.