सोयऱ्यांकडं जाताना

प्रिय बाळा,

तुझं पत्र मिळालं, सोबतचा सहलीचा कार्यक्रमही मिळाला. लातूर, अंबाजोगाई, परभणी मिळून बत्तीस माणसं, त्यातली निम्मी साठी ओलांडलेली, आणि त्यांची टूर मॅनेजर तू. वाचून ऊर भरून आला. दोन हंगाम तू माझ्या मागं मागं वेरूळ-अजिंठ्याच्या पायऱ्या चढलीस, वहीत टिपणं काढलीस, दम लागलेल्या म्हाताऱ्यांना हाताला धरून सावलीत बसवलंस. तुला हे काम जमणार हे मला तेव्हाच कळलं होतं.

कार्यक्रम मात्र दोनदा वाचला आणि रात्री झोप लागेना. आठ दिवसांत थायलंडमधलं बँकॉक आणि पट्टाया, कंबोडियातलं सिएम रीप, व्हिएतनाममधलं हो ची मिन्ह आणि इंडोनेशियातलं बाली. यातले किती तास विमानतळावर आणि बसमध्ये जाणार ते तू मोजलेस का? मी मोजले. जवळपास निम्मी सहल रांगेतच संपते.

मी पहिल्यांदा परदेशात गट नेला तेव्हा असाच कार्यक्रम हातात होता. शेवटच्या दिवशी विमानतळावर सेलूकडचे एक निवृत्त मास्तर माझ्याजवळ येऊन बसले. चांगले वाचणारे, समजदार गृहस्थ. हळूच म्हणाले, "परवा ते मोठं देऊळ बघितलं ना, ते कोणत्या देशातलं? घरी गेल्यावर नातू विचारील." फंडाच्या पैशातून आले होते ते. ते सिएम रीपजवळच्या अंकोर वाटबद्दल विचारत होते. मी त्यांना तिथं फक्त दीड तास दिला होता. तो प्रश्न अजून माझ्या कानात आहे, म्हणून हे पत्र एवढं लांबतंय.

ऑफिसात भांडावं लागलं तरी भांड, पण व्हिएतनाम आणि बाली यातून काढ. पट्टायाही काढ. बँकॉकला तीन रात्री ठेव, सिएम रीपला चार. "एवढ्या पैशात दोनच देश?" असं लोक म्हणतील. म्हणू देत. परत आल्यावर तीच माणसं गावात बसून तासन् तास सांगत बसतील, कारण सांगायला त्यांच्याजवळ काही असेल. आणि बँकॉकहून सिएम रीपला रस्त्यानं जायचं ऑफिसवाले सुचवतील, स्वस्त पडतं म्हणून. ऐकू नकोस. त्या सीमेवर २०२५ मध्ये तोफा चालल्या आहेत. विमानानंच ने, आणि निघायच्या आधी तिथली परिस्थिती पुन्हा एकदा बघून घे.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडं परक्या गावात पाऊल टाकलं की पारावरचं माणूस पहिलं काय विचारतं? "कुणाचे पाव्हणे?" एकदा नातं लागलं की मग पाणी येतं, चहा येतो, गप्पा सुरू होतात. तुझ्या माणसांना तू आशिया असाच दाखव. ज्यानं वेरूळ पाहिलंय, अजिंठा पाहिलाय, त्याची तिकडच्या निम्म्या ठिकाणांशी सोयरीक आधीच जुळलेली आहे. ती कुठं लागते हे दाखवून देणं एवढंच तुझं काम.

एक उदाहरण नीट सांगतो. कैलास लेण्यात दक्षिणेच्या बाजूला तू मला नेहमी थांबवायचीस, रावण कैलास हलवतोय त्या शिल्पापाशी. खाली रावण, सगळे हात पसरून डोंगराला भिडलेला. वर पार्वती घाबरून शंकराला बिलगलीय, दासी पळत सुटलीय, आणि शंकर शांत बसून पायानं डोंगर दाबतोय. हाच प्रसंग सिएम रीपपासून तासाभराच्या अंतरावर बांते स्रेईला आहे. मंदिर छोटं, गुलाबी वालुकाश्माचं, इ.स. ९६७ मधलं. कोरीवकाम इतकं बारीक की सागवानी दारावरचं नक्षीकाम बघतोय असं वाटतं. तिथल्या एका लहान इमारतीच्या माथ्यावर हाच रावण आहे. फक्त तिथला कैलास पायऱ्या-पायऱ्यांचा आहे, आणि त्या पायऱ्यांवरची जनावरं, माणसं भेदरून गेलीत. पार्वती तशीच बिलगलेली. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आपला राष्ट्रकूट कृष्णराजाचा कैलास आठव्या शतकातला, ते दहाव्या शतकातलं, मध्ये अख्खा समुद्र, आणि पार्वतीची भीती तीच.

तिथं गेलीस की लगेच बोलू नकोस. लोकांना वर बघू दे. कुणीतरी म्हणेलच, "अगं, हे तर आपल्या वेरूळात हाय!" ते त्यांच्या तोंडून आलं पाहिजे. नंतर तू सांग की हे मंदिर राजानं बांधलेलं नाही, राजाच्या पदरी असलेल्या यज्ञवराह नावाच्या विद्वानानं बांधलं. मग अजिंठ्याचं १६ नंबरचं लेणं आठवून दे. तेही राजानं खोदवलेलं नाही, वाकाटक हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानं खोदवलं.

अंकोर वाटला सगळे गट पहाटे नेतात. तळ्याकाठी अंधारात गर्दी करून उभं राहायचं, मनोऱ्यांमागून सूर्य वर आला की फोटो काढायचा आणि नाश्त्याला परत. लोक हट्ट धरतील, तर एकदा ने. पण तू स्वतः विचार कर, वेरूळला आपण गट दुपारी तीननंतर का न्यायचो? डोंगराची ती बाजू पश्चिमेला तोंड करून आहे, उतरतं ऊन थेट आत शिरतं आणि दगड तांबूस होऊन बोलायला लागतो. अंकोर वाटचं तोंडही पश्चिमेलाच आहे. विष्णूचं मंदिर, बाराव्या शतकात सूर्यवर्मा दुसरा यानं बांधलेलं. सकाळी तुला त्याची काळी सावली दिसते, चेहरा दिसतो तो दुपारनंतर. तेव्हा गर्दीही पांगलेली असते.

आत समुद्रमंथनाचा शिल्पपट आहे, जवळपास ५० मीटर लांब. एकीकडं असुर, एकीकडं देव, हातात वासुकी. त्याच्या कडेनं लोकांना चालव, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. ओढणाऱ्यांचे पाय बघायला सांग. पोळ्याला दावं ओढणारी, विहिरीवर मोटेचं नाडं धरलेली माणसं ज्यांनी पाहिलीत, त्यांना त्या पायांतला जोर लगेच कळतो.

आणखी एक फरक त्यांना समजावून सांग, म्हणजे दोन्हीकडच्या कारागिरांबद्दल आदर वाटेल. आपला कैलास वरून खाली कोरत आणलेला आहे, त्यातला दगड जागचा हललेला नाही. तिकडचा दगड कुलेन डोंगरातून आणला, एकावर एक रचला आणि मग कोरला. त्या कुलेनच्या परिसरात नदीच्या पात्रातच शेकडो शिवलिंगं कोरलेली आहेत, पाणी त्यांच्यावरून वाहत खाली येतं. दिवस उरला तर तिथंही ने.

अंकोरचं तिकीट एका दिवसाचं ३७ डॉलर आणि तीन दिवसांचं ६२ डॉलर आहे. तीन दिवसांचंच काढ. ते सलग वापरावं लागत नाही, दहा दिवसांत कोणतेही तीन दिवस चालतात, त्यामुळं मध्ये एक दिवस म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांना विसावा देता येतो. अंकोर वाटच्या मधल्या उंच मनोऱ्यांकडचा जिना अंगावर येणारा आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले नसतील तर तिथं सोडत नाहीत. आपल्या नऊवारीवाल्या आज्यांना त्याची काहीच अडचण येत नाही, पण हाफ पँट घालून आलेल्या जावईबापूंना आदल्या रात्रीच सांगून ठेव.

बँकॉकबद्दल थोडं. मॉल, बाजार, नदीतली बोट हे सगळे दाखवतात, तूही दाखव. माझा जीव मात्र वाट फो या बुद्धमंदिरात अडकतो. तिथली पहुडलेली बुद्धमूर्ती ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच, सोन्यानं मढवलेली. तळपायांवर शिंपल्याच्या चकाकत्या तुकड्यांनी १०८ शुभचिन्हं जडवलेली. आपल्या अजिंठ्याच्या २६ नंबरच्या लेण्यातलं महापरिनिर्वाण सुमारे ७ मीटरचं, आणि त्याच्या पायथ्याशी शोक करणारी माणसं.

एका वर्षी नांदेडकडच्या उपासिका माझ्यासोबत होत्या, सगळ्या पांढऱ्या साडीत. मूर्तीच्या पाठीमागं भिंतीलगत १०८ धातूची भांडी ओळीनं मांडलेली आहेत. लोक प्रत्येकात एकेक नाणं टाकत जातात, आणि त्याचा टण् टण् आवाज सगळ्या दालनात अखंड चालू असतो. त्या आवाजात या बायांनी एका कडेला बसून हात जोडले आणि त्रिशरण सुरू केलं. बुद्धं सरणं गच्छामि. शेजारी तीन-चार थाई म्हाताऱ्या होत्या. त्यांनी माना वळवल्या, क्षणभर ऐकलं, आणि त्याही म्हणू लागल्या, त्यांच्या उच्चारात, "फुत्थांग सरणांग खच्छामि". एकमेकींची एकही भाषा येत नसताना त्या बाया तिन्ही शरणं शेवटपर्यंत एकत्र म्हणाल्या. नंतर एका थाई आजीनं आमच्यातल्या एकीचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला. त्या दिवशीचं पुढचं ठिकाण मी रद्द केलं. कुणी तक्रार केली नाही.

आता तुझ्या कामाच्या चार गोष्टी. पासपोर्टची मुदत परतीनंतरही सहा महिने शिल्लक आहे का ते प्रत्येकाचं स्वतः तपास. एजंटानं तपासलंय म्हणाला तरी तपास. डॉलरच्या नोटा कोऱ्या ने. कंबोडियात डॉलर सर्रास चालतो, पण कोपरा फाटलेली नोट दुकानदार परत करतो. सामान बांधायच्या आधी सगळ्यांच्या घरी फोन कर. आपल्या बायका येसर, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी बांधून घेतात, आणि मसाल्यात खसखस असते. विमान सिंगापूरला थांबणार असेल तर तिथं खसखस चालत नाही, तंबाखूची पुडीही चालत नाही. म्हातारी माणसं तंबाखू लपवून ठेवतात, म्हणून चारचौघांत नको, बाजूला घेऊन गोडीत सांग. धपाटे पहिल्या दोन दिवसांचे पुरतात. पुढं माळकरी मंडळींचे हाल होतात, कारण थायलंडमध्ये नुसत्या भाजीतसुद्धा माशाचा रस घालतात. तिथं "जे" हा एक शब्द पाठ करून ठेव. जेवणाबद्दल हा शब्द वापरला की मांस-मासे, अंडं काही नाही, कांदा-लसूणही नाही. आणि एकादशी कोणत्या दिवशी येते ते आधीच बघ, राजगिऱ्याचे लाडू जवळ असू दे.

जायचं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये ऑफिस स्वस्तात पाठवतं आणि "आपल्याला उन्हाची सवय आहे" असं आपलीच माणसं म्हणतात. आपलं ऊन कोरडं. तिकडं हवाच ओली, घाम वाळत नाही आणि माणूस गळून जातो.

दुकानांबद्दल मी तुला प्रत्यक्षात कधी बोललो नाही, आज बोलतो. बँकॉकला स्थानिक माणूस गटाला रत्नांच्या, चामड्याच्या दुकानात नेईल आणि संध्याकाळी तुझ्या हातात पाकीट ठेवील. घेऊ नकोस. मी एका कंपनीत असताना आमच्या गटातल्या एका बाईंनी लेकीच्या लग्नासाठी तिथून खडे घेतले. गावी सोनारानं ते काचेचे निघाल्याचं सांगितलं. त्या मला एका शब्दानं बोलल्या नाहीत, पण मी महिनाभरात ती कंपनी सोडली. बँकॉकच्या राजवाड्याबाहेर कुणी गोड बोलून "आज बंद आहे, दुसरीकडं नेतो" म्हणाला, तर तोही अशाच दुकानाकडं नेणारा असतो. सरळ फाटकापर्यंत चालत जा आणि स्वतः बघ.

बाली काढ म्हणालो म्हणून नाराज होऊ नकोस, ते वेगळ्या सहलीत कर. त्या बेटावरही आपलं नातं आहे, आणि तेही पैठणशी. तिथले हिंदू जो शक मोजतात तो इ.स. ७८ पासूनचा, म्हणजे आपल्या पंचांगातला, पैठणच्या शालिवाहनाच्या नावाचा शक ज्या वर्षापासून मोजतात तिथूनच. त्यांचं नववर्ष न्येपी कित्येकदा आपल्या पाडव्याच्या आगंमागंच येतं. आपण गुढी उभारतो, ते दिवसभर दिवा लावत नाहीत, चूल पेटवत नाहीत, घराबाहेर पडत नाहीत, विमानतळसुद्धा चोवीस तास बंद. म्हणून मार्चमध्ये बालीचं तिकीट काढताना आधी ती तारीख बघ. बालीला जाशील तेव्हा वाटेत जावा बेटावर बोरोबुदूरही घे. नववं शतक, ५०४ बुद्धमूर्ती, आणि ओळीनं कोरलेल्या जातककथा. अजिंठ्याच्या भिंतीवर रंगात पाहिलेल्या कथा तिथं दगडात भेटतात, आणि स्तूप उजव्या हाताला ठेवून आपल्यासारखीच प्रदक्षिणा घालत वर जायचं असतं. श्रीलंकेतलं सिगिरिया, चीनमधलं तुनह्वांग यांच्याबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन.

निघायच्या आधी तुझ्या बत्तीस जणांना एक दिवस वेरूळला घेऊन ये. त्यातल्या कितीतरी जणांनी शाळेच्या सहलीनंतर ते पाहिलेलं नसेल. मंगळवार सोडून कोणताही दिवस धर, मंगळवारी लेणी बंद असतात. दुपारी अडीचपर्यंत पोच. माझे गुडघे आता पहिल्यासारखे साथ देत नाहीत, पण त्या रावणापर्यंत मी येईन. पिठलं-भाकरी तुझी काकू बांधून देणार आहे, किती माणसं येणार ते तेवढं आदल्या दिवशी कळव.

तुझे काका
छत्रपती संभाजीनगर