नॅशनल हेल्पलाईन असताना लोकल लाईनची खरंच गरज आहे का?

तुम्ही विचारलंय की मन खचलेल्या, जीव द्यायचा विचार येणाऱ्या लोकांसाठी २४ तास चालणारा सरकारी नंबर असताना प्रत्येक शहराने आपली वेगळी छोटी हेल्पलाईन कशाला चालवायची, आणि मुळात अनोळखी माणसाशी फोनवर बोलून असा काय फरक पडतो. मी अशाच एका लोकल लाईनवर व्हॉलंटिअर आहे, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तोच जास्त वेळा विचारला जातो.

१९५३ मध्ये लंडनला चॅड व्हारा नावाच्या पाद्रीने अशी लाईन सुरू केली, तीच पुढे समॅरिटन्स ही संस्था झाली. लोक त्याला भेटायला येऊन बाहेर थांबायचे, तिथे मदतीला आलेली साधी माणसं त्यांना चहा द्यायची, त्यांचं ऐकत बसायची, आणि व्हाराच्या लक्षात आलं की बरेच जण एवढ्यावरच मोकळे होऊन, त्याला न भेटताच परत जातायत. मग पुढच्या वर्षी त्याने ऐकण्याचं काम व्हॉलंटिअर्सकडेच दिलं. दुसरं म्हणजे ती वेळ टळणं फार मोठी गोष्ट असते. सॅन फ्रान्सिस्कोत जीव द्यायला निघालेल्या आणि ऐनवेळी अडवलेल्या ५१५ लोकांचं पुढे काय झालं ते रिचर्ड सायडन या संशोधकाने तपासलं, १९७८ चा अभ्यास आहे, तर त्यातले साधारण ९४ टक्के एकतर जिवंत होते नाहीतर नैसर्गिक कारणाने गेले होते. म्हणजे "आज अडवलं तरी उद्या करणारच" हे जे सर्रास बोललं जातं ते बहुतेकांच्या बाबतीत खरं नाही.

आता लोकल का. फोनवर माणूस जरा शांत झाला की पुढचा प्रश्न हमखास येतो, "मग आता मी काय करू?" आणि इथे गोड बोलून भागत नाही. आमच्या टेबलावर एक रजिस्टर असतं, त्यात कुठल्या हॉस्पिटलची मानसोपचार ओपीडी कुठल्या वारी, केसपेपर किती वाजेपर्यंत निघतो, रात्री इमर्जन्सीला कोण घेतं, घरात मारहाण होत असेल तर निवारा कुठे, दारू सोडवायचा ग्रुप कुठे भरतो असं सगळं लिहिलेलं, आणि बंद पडलेल्या नंबरांवर लाल पेनाने काट मारलेली. ते अपडेट ठेवायला कोणीतरी ठरावीक दिवसांनी प्रत्येक नंबरवर स्वतः फोन करून बघतं. लांब बसलेल्या माणसाकडे यादी असते, पण त्या यादीतला फोन उचलला जातो का हे त्याला कुठून कळणार?

अमेरिकेत हेच झालं. २०२२ ला ९८८ ही तिथली नॅशनल हेल्पलाईन सुरू झाली तेव्हा कॉल मोबाईल नंबरच्या एरिया कोडवरून जोडला जायचा, म्हणजे माणूस शहर बदलून कुठेही गेला तरी फोन जुन्या गावच्या सेंटरला, शेवटी २०२४ पासून कॉलर साधारण कुठे आहे ते बघून कॉल जोडायला सुरुवात झाली. आपली सरकारी हेल्पलाईन टेली मानस (१४४१६) सुद्धा राज्याराज्यातल्या सेलमधूनच चालते. त्यामुळे मी नॅशनल विरुद्ध लोकल असं बघतच नाही, मोठा नंबर लोकांच्या लक्षात राहतो आणि जवळची माणसं पुढचं काम करतात.

लोकलचा एक तोटा मात्र आहे, लहान ठिकाणी लोकांना भीती वाटते की पलीकडे ओळखीचं कोणी निघालं तर? भीती रास्त आहे. म्हणून आम्ही नाव विचारत नाही आणि आवाज ओळखीचा वाटला तर कॉलरला विचारून फोन दुसऱ्याकडे देतो. आणि रिंग वाजत राहते पण कोणी उचलत नाही अशी लाईन असण्यापेक्षा माझ्या मते ती नसलेली बरी, माणसं कमी असतील तर तास कमी ठेवा पण त्या तासांत फोन उचललाच पाहिजे.

स्वतःसाठीच फोन करायला पाहिजे असंही नाही. बरेच फोन बहिणीचे, मित्राचे, रूममेटचे असतात, "तो असं असं बोलतोय, मी काय करू?" त्यांना आम्ही सांगतो की सरळ विचार, "जीव द्यायचा विचार येतोय का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बऱ्याच जणांना कोणीतरी विचारलं म्हणून हायसं वाटतं. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडू नका, तिथूनच परत फोन लावा, स्पीकरवर ठेवलात तरी चालेल.